गाठ जाळायची, तर सुई थंड का ठेवतात?

यकृतातली कर्करोगाची छोटी गाठ पोट न उघडता, कातडीतून आत सरकवलेल्या एका सुईने जाळता येते. या उपचाराला रेडिओफ्रिक्वेन्सी अ‍ॅब्लेशन किंवा थोडक्यात आरएफए म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटते, सुईचे टोक लालबुंद तापवून गाठीत खुपसत असतील. प्रत्यक्षात यातल्या अनेक सुयांच्या पोकळीत उपचार चालू असताना थंड पाणी खेळवलेले असते.

कारण उष्णता सुईत तयारच होत नाही. सेकंदाला चार-पाच लाख वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह सुईच्या टोकातून निघून मांडीवर चिकटवलेल्या पॅडकडे जातो. इतक्या वेगाने उलटसुलट होणाऱ्या प्रवाहाने स्नायू आणि नसा उत्तेजित होत नाहीत, म्हणून झटका बसत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ द'आर्सोन्व्हाल यांनी हे १८९१ मध्येच दाखवले होते. पेशींमधले विद्युतभारित कण मात्र प्रवाहाबरोबर मागेपुढे हेलकावतात, आणि त्या घर्षणाने गाठ स्वतःच तापते. पॅड मोठा असल्यामुळे तिथे प्रवाह पसरतो. टोकाशी तो दाटलेला असतो, म्हणून भाजते ते तिथेच.

५० अंश सेल्सिअसला पेशी मरायला काही मिनिटे लागतात. ६० च्या पुढे त्या जवळजवळ लगेच मरतात, कारण त्यांतली प्रथिने उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी गोठतात. मग तापमान आणखी का वाढवू नये? शंभरीच्या पुढे पाण्याची वाफ होते, टोकाभोवतीचा भाग कोळसतो आणि प्रवाहाची वाटच बंद होते. गाठीची बाहेरची कड जिवंत राहते आणि रोग तिथूनच पुन्हा डोके वर काढतो. टोकालगतचा भाग थंड राखला, तर प्रवाह टिकतो आणि उष्णता लांबवर पोहोचते.

माझ्या मते या तंत्राचे खरे कसब उष्णता आवरण्यात आहे. गाठीशेजारून तीन मिलिमीटरहून जाड रक्तवाहिनी जात असेल, तर वाहते रक्त उष्णता पळवते आणि त्या बाजूच्या पेशी वाचू शकतात. उलट आतडे गाठीला खेटून असेल, तर तेच भाजण्याची भीती. तेव्हा मधल्या फटीत डेक्स्ट्रोजचे, म्हणजे साखरेचे, पाणी सोडून आतडे दूर सारतात. सलाइन इथे चालत नाही, कारण मिठाच्या पाण्यातून वीज वाहते.

हे सारे जमते ते गाठ साधारण तीन सेंटिमीटरच्या आत असताना. दोन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींत उपचाराचे परिणाम शस्त्रक्रियेच्या जवळ जातात. सिरोसिसमुळे, म्हणजे यकृत व्रणांनी निबर झाल्यामुळे, मोठी शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या रुग्णासाठी हा फार मोठा दिलासा आहे. पण गाठ लहान असताना सापडायला हवी. म्हणूनच सिरोसिसच्या रुग्णांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायला सांगतात. त्रास नाही म्हणून ती चुकवू नये. लहान गाठ बहुधा दुखत नाही.

उपचारानंतरच्या सीटी स्कॅनमध्ये जळालेला डाग मूळ गाठीपेक्षा मोठा दिसतो. रिपोर्ट वाचून घरचे घाबरतात. पण गाठीभोवतीची अर्धा ते एक सेंटिमीटरची निरोगी कड मुद्दामच जाळलेली असते. डॉक्टर डागाच्या आकारापेक्षा त्याच्या काठाकडे बघतात: स्कॅनसाठीचे रंगद्रव्य शिरेतून टोचल्यावर तिथे कुठे रक्तपुरवठा उजळून दिसला, तर गाठीचा तो भाग जिवंत असू शकतो आणि त्या कोपऱ्यात पुन्हा सुई घालावी लागते.