केशरी शिधापत्रिका, इष्टांक आणि 2013 ची उत्पन्नमर्यादा : पार्श्वभूमी

महाराष्ट्रात एका घरात केशरी शिधापत्रिका असते आणि दरमहा धान्य मिळते. शेजारच्या घरातही तशीच केशरी शिधापत्रिका असते, पण दुकानदार म्हणतो, "तुमचं नाव यादीत नाही." दोन्ही घरांतली मिळकत जवळपास सारखीच असते. दुकानदार खोटे बोलत नसतो आणि बहुतेक वेळा पुरवठा शाखेतला कारकूनही नाही. हा गोंधळ वेगवेगळ्या काळातल्या तीन निर्णयांचे थर एकावर एक बसल्यामुळे झाला आहे.

मुंबईत 1943 मध्ये युद्धकाळात शिधावाटप सुरू झाले. ते शहरातल्या सर्वांसाठी होते आणि त्यात गरीब-श्रीमंत असा भेद नव्हता. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे थोड्याफार फरकाने हेच तत्त्व टिकले. 1992 मध्ये दुर्गम, डोंगराळ आणि आदिवासी भागांतल्या 1,775 विकासगटांसाठी सुधारित व्यवस्था आली, तिचाही निकष प्रदेश हाच होता. कुटुंब गरीब आहे की नाही, हा प्रश्न तोवर दुकानाच्या दारात विचारला जात नव्हता.

तो प्रश्न जून 1997 मध्ये आला. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना वेगळा दर आणि वेगळे धान्य असे ठरले. सुरुवातीला महिन्याला कुटुंबामागे 10 किलो मिळत होते, एप्रिल 2000 पासून 20, जुलै 2001 पासून 25 आणि एप्रिल 2002 पासून 35 किलो. पण कुटुंबे किती धरायची? इथे जी पद्धत रुजली, तिचेच परिणाम आजही भोगावे लागतात. 1993-94 च्या नमुना पाहणीवरून राज्यातले गरिबीचे प्रमाण काढले गेले, ते 1 मार्च 2000 च्या अंदाजित लोकसंख्येला लावले गेले आणि आकडा राज्याकडे पाठवला गेला. महाराष्ट्राच्या वाट्याला 65.34 लाख कुटुंबे आली, त्यांतली 25.05 लाख पुढे टप्प्याटप्प्याने अंत्योदय या सर्वांत गरीब कुटुंबांसाठीच्या योजनेत गेली. नमुना पाहणी किती कुटुंबे गरीब आहेत एवढे सांगते. ती कोणती, हे तिला सांगता येत नाही. त्यामुळे आकडा एका मार्गाने आला आणि नावे दुसऱ्याच मार्गाने जमवावी लागली. या ठरवून दिलेल्या आकड्याला पुरवठा खात्यात इष्टांक म्हणतात.

नावे जमवण्यासाठी राज्याने 1 मे 1999 पासून तिरंगी शिधापत्रिका आणल्या. वार्षिक उत्पन्न 15,000 रुपयांपर्यंत असेल तर पिवळी, त्याहून जास्त पण 1 लाखाच्या आत असेल तर केशरी आणि 1 लाख किंवा अधिक असेल तर पांढरी. पिवळ्या शिधापत्रिकेसाठी अटींची मोठी जंत्री होती : घरात कुणी डॉक्टर, वकील, स्थापत्यविशारद किंवा चार्टर्ड अकौंटंट नसावा, कुणी आयकर, विक्रीकर किंवा व्यवसाय कर भरत नसावे, चारचाकी नसावी, घरी दूरध्वनी नसावा, जमीन दोन हेक्टर जिरायत, एक हेक्टर अर्धबागायत किंवा अर्धा हेक्टर बागायत यापेक्षा जास्त नसावी, दुष्काळी तालुक्यांत याच्या दुप्पट चालेल. केशरीसाठी चारचाकी नसणे (टॅक्सीचालकाला सूट) आणि चार हेक्टरपेक्षा कमी बागायत एवढेच होते. विडी कामगार, पारधी आणि कोल्हाटी कुटुंबांना पुढे तात्पुरत्या पिवळ्या शिधापत्रिका देण्यात आल्या. निकषांच्या जाळीतून ही कुटुंबे गळत होती, याची ती कबुलीच होती.

वर्षाला 15,000 म्हणजे महिन्याला 1,250 रुपये. 2013-14 मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 162 रुपये होती. घरातल्या एकाने तेव्हा कायद्याने मिळणारे शंभर दिवस पूर्ण काम केले, तर 16,200 रुपये होतात आणि कुटुंब पिवळ्याच्या मर्यादेबाहेर जाते. म्हणजे सरकारनेच दिलेल्या कामाने सरकारचीच गरिबीची व्याख्या ओलांडली जात होती. तरीही रंगांच्या मर्यादा हलल्या नाहीत, कारण मर्यादा वाढवली की पात्र कुटुंबे वाढतात आणि इष्टांक मात्र तेवढाच राहतो.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ही चौकट 2013 मध्ये बदलायला हवी होती. देशात ग्रामीण भागातले 75 टक्के आणि शहरी भागातले 50 टक्के लोक त्यात येणार होते. राज्यांचे वाटे 2011-12 च्या खर्च पाहणीवरून काढले गेले. महाराष्ट्राला ग्रामीण 76.32 आणि शहरी 45.34 टक्के मिळाले. 2011 च्या जनगणनेला हे प्रमाण लावले की सुमारे 4 कोटी 70 लाख ग्रामीण आणि 2 कोटी 30 लाख शहरी, मिळून 7 कोटी माणसे होतात. इष्टांक आता कुटुंबांऐवजी माणसांत मोजला जाऊ लागला, पण वरून आलेला आकडा आणि खालून जमवायची नावे ही रचना जशीच्या तशी राहिली.

पिवळ्या शिधापत्रिकाधारकांना आणि अंत्योदय कुटुंबांना सामावूनही 7 कोटी भरत नव्हते. उरलेली जागा केशरीतून भरायची होती आणि सगळे केशरी त्यात मावणारे नव्हते. तेव्हा डिसेंबर 2013 मध्ये राज्याने केशरीच्या आतच आणखी एक रेघ ओढली : ग्रामीण भागात 44,000 आणि शहरी भागात 59,000 रुपये वार्षिक उत्पन्न. रेघेखालच्या कुटुंबांच्या शिधापत्रिकेवर 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का बसला. वरच्यांच्या शिधापत्रिकेचा रंग तोच राहिला, शिक्का मात्र बसला नाही. अंमल 1 फेब्रुवारी 2014 पासून सुरू झाला.

या निर्णयावर तेव्हा जेवढी चर्चा व्हायला हवी होती, तेवढी झाली नाही. 44,000 आणि 59,000 हे आकडे जेवणखाण, घरभाडे, औषधपाणी यांचा हिशेब करून आलेले नाहीत. 7 कोटींची चौकट भरेल एवढीच माणसे आत यावीत, असा तो मेळ होता. चाळणीची भोके धान्याच्या आकाराऐवजी पोत्याच्या मापाने पाडली गेली. शहरात 59,000 म्हणजे संपूर्ण कुटुंबाला महिन्याला 4,900 रुपयांच्या आसपास. 2013-14 च्या मजुरीने 44,000 ओलांडायला एका मजुराला 272 दिवस काम करावे लागत होते. 2024-25 मध्ये रोजगार हमीची मजुरी 297 रुपये झाली, तेव्हा 149 दिवसच पुरले. मजुरीबरोबर महागाईही वाढली, कुटुंबाच्या ताटात भर पडली नाही, पण कागदावर ते श्रीमंत झाले. मर्यादा दहाहून अधिक वर्षे तिथेच आहे. ती वाढवायला हवी, याबद्दल या क्षेत्रात काम करणाऱ्यांत फारसे दुमत नाही. पण इष्टांक न वाढवता नुसती मर्यादा वाढवली, तर पात्र असूनही धान्य न मिळणाऱ्यांची रांग लांबेल, हेही तितकेच खरे आहे.

या बदलात जुन्या पिवळ्या शिधापत्रिकांचेही नुकसान झाले, ते सहसा सांगितले जात नाही. जानेवारी 2014 पर्यंत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला 35 किलो धान्य मिळत होते : गहू 5 रुपये, तांदूळ 6 रुपये किलो. फेब्रुवारीपासून दर 2 आणि 3 रुपयांवर आले, पण धान्य माणशी 5 किलो झाले. चार माणसांच्या घराचे 35 चे 20 किलो झाले. अंत्योदयला मात्र कुटुंबामागे 35 किलो कायम राहिले. त्यामुळे दोन वृद्धांचे घर अंत्योदयमध्ये असेल तर 35 किलो आणि प्राधान्यमध्ये असेल तर 10 किलो. सात माणसांच्या वर अंत्योदय शिधापत्रिकेचा तोटाच होतो.

शिक्का न बसलेल्या केशरीचे पुढे काय झाले? काही काळ 7 रुपये 20 पैशांनी गहू आणि 9 रुपये 60 पैशांनी तांदूळ मिळत राहिला, मग तो बंद झाला. 2015 पासून मराठवाड्यातले आठ जिल्हे, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांत केशरी शेतकरी कुटुंबांना सवलतीचे धान्य सुरू झाले. 2023 पासून त्याऐवजी माणशी महिन्याला 150 रुपये खात्यात जमा होऊ लागले, नंतर ते 170 झाले. टाळेबंदीत मे आणि जून 2020 मध्ये अशा सर्व केशरीधारकांना 8 रुपयांनी 3 किलो गहू आणि 12 रुपयांनी 2 किलो तांदूळ मिळाला. प्राधान्य आणि अंत्योदयला त्याच वेळी केंद्राकडून माणशी 5 किलो जादा मोफत मिळत होते आणि जानेवारी 2023 पासून त्यांचे नेहमीचे धान्यही मोफत झाले. रेघेच्या दोन बाजूंमधली दरी अशी दर वेळी रुंदावत गेली.

आता रंगावरून धान्याची पात्रता कळत नाही. शिधापत्रिकेचा बारा अंकी आरसी नंबर टाकून योजनेचा रकाना पाहावा लागतो. एएवाय म्हणजे अंत्योदय, पीएचएच म्हणजे प्राधान्य, एनपीएच म्हणजे धान्य नाही. रकान्यात पीएचएच असूनही धान्य कमी येत असेल, तर बहुधा तीनपैकी एक अडचण असते. एक म्हणजे घरातल्या एखाद्याचा आधार जोडलेला नाही किंवा ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) अपुरी आहे, त्यामुळे तेवढे युनिट, म्हणजे त्या माणसाचा वाटा, बंद आहे. दुसरी, लग्न होऊन गेलेल्या मुलीचे नाव माहेरी कमी झालेले नाही, म्हणून सासरी चढत नाही. माहेरी नाव कमी करण्याचा नमुना 9 आधी आणि सासरी नाव चढवण्याचा नमुना 8 नंतर, हा क्रम चुकला की अर्ज अडकतो. तिसरी, दुकानातल्या ओळख तपासणाऱ्या पॉस मशीनवर बोटाचा ठसा उमटत नाही. वृद्धांचे, गवंड्यांचे, भांडी घासणाऱ्या बायकांचे ठसे झिजलेले असतात. अशा वेळी दुसरे बोट, मग मोबाइलवरचा ओटीपी, असे पर्याय दुकानातच मागून घ्यावेत.

रकान्यात एनपीएच असेल आणि उत्पन्न मर्यादेत असेल, तर प्राधान्यमध्ये घेण्यासाठी उत्पन्नाच्या दाखल्यासह अर्ज करता येतो. तिथे सर्वांत जास्त ऐकू येणारे उत्तर म्हणजे "इष्टांक शिल्लक नाही." कुणी मयत झाले, कायमचे गाव सोडून गेले किंवा ई-केवायसीत गळले, तरच जागा होते. म्हणून अर्जाची पोच घेऊन ठेवणे महत्त्वाचे असते. दाखल्याचाही वेगळा पेच आहे. संजय गांधी निराधार योजनेसाठी कुटुंबाचे उत्पन्न 21,000 च्या आत लागते, अन्नसुरक्षेसाठी 44,000 किंवा 59,000, केशरी राहण्यासाठी 1 लाख, शहरी घरकुलाच्या सर्वांत खालच्या गटासाठी 3 लाख. 2024 मध्ये महिलांना महिन्याला 1,500 रुपये देण्याची योजना आली, तिला मर्यादा अडीच लाख आणि पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर दाखलाही नको. निराधार विधवेलाही 2023 पासून 1,500 रुपयेच मिळतात, पण 21,000 ची अट पार करून. एकच रक्कम आणि पात्रतेत जवळजवळ बारा पटींचा फरक, याचे समर्थन करणे अवघड आहे.

आता ज्यांना घरच नाही त्यांच्याकडे. 2011 च्या जनगणनेत राज्यात सुमारे 2 लाख 10 हजार बेघर मोजले गेले. त्यांच्यापुढे उत्पन्नाच्या आधी पत्त्याचा प्रश्न येतो. शिधापत्रिका हा ओळखीचा किंवा रहिवासाचा पुरावा मानू नये, असे 2015 च्या केंद्रीय आदेशात स्पष्ट आहे. पण ती मिळवायला मात्र वीजबिल किंवा भाडेकरार मागितला जातो. 2013 पासूनच्या नागरी उपजीविका अभियानात लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक कायमस्वरूपी निवारा आणि माणशी किमान 50 चौरस फूट जागा असे प्रमाण होते. तिथे राहणाऱ्यांना ओळखपत्रे आणि शिधापत्रिका मिळवून देणे, हेही त्याच चौकटीत येत होते. 'एक देश एक शिधापत्रिका' योजनेची सुरुवात ऑगस्ट 2019 मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या जोड्यांपासून झाली. तिचा उपयोग मूळ गावी शिधापत्रिका असलेल्यालाच होतो, मुळात ती नसलेल्याला नाही. शिवाय चूल नसलेल्या माणसाच्या हाती 3 किलो गहू देऊन भागत नाही. त्या दृष्टीने जानेवारी 2020 पासूनची 10 रुपयांची शिवभोजन थाळी जास्त कामाची ठरली : 30 ग्रॅमच्या दोन चपात्या, 100 ग्रॅम भाजी, 100 ग्रॅम वरण, 150 ग्रॅम भात. तिला शिधापत्रिका लागत नाही, पत्ताही लागत नाही.

इष्टांकाचा फेरविचार अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 9 प्रमाणे प्रसिद्ध झालेल्या जनगणनेवर अवलंबून आहे. 2021 ची जनगणना झाली नाही. त्याच वर्षी स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाखाली आकडा नव्याने ठरवण्याचा मुद्दा केंद्रापुढे ठेवला, तरी आधार 2011 चाच राहिला. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. तिचे आकडे आल्यावर टक्केवारी तीच ठेवली तरी राज्याचा इष्टांक लोकसंख्येबरोबर वाढेल. 44,000 आणि 59,000 ची मर्यादा मात्र आपोआप बदलणार नाही, तिच्यासाठी राज्याला स्वतंत्र शासन निर्णय काढावा लागेल.