डेबियन पॅकेजमधील पॅच व्यवस्था

डेबियन या लिनक्स प्रणालीच्या पॅकेजमध्ये मूळ प्रकल्पाचा सोर्स (प्रोग्रामचा मूळ कोड) जसाच्या तसा ठेवून त्यातले बदल सुट्या पॅचच्या, म्हणजे फक्त फरक नोंदवणाऱ्या फाइलींच्या, रूपात सांभाळण्याची पद्धत. पॅच 'डेबियन/पॅचेस' या फोल्डरमध्ये राहतात. कोणता आधी लागायचा, कोणता नंतर, हे तिथली 'सिरीज' फाइल ठरवते.

सोर्स पॅकेजच्या जुन्या १.० स्वरूपात सगळे बदल एकाच डिफमध्ये (फरकांच्या फाइलीत) जात. ते सुटे ठेवायला कोणी डीपॅच हे साधन वापरी, कोणी सीडीबीएस, कोणी क्विल्ट. त्यामुळे उलगडलेल्या सोर्सला पॅच लागले आहेत की नाहीत, हे पॅकेजगणिक बदले. ३.० क्विल्ट स्वरूपात डीपीकेजी-सोर्स (सोर्स पॅकेज बांधणारा आणि उलगडणारा आदेश) उलगडतानाच सगळे पॅच लावतो.

समजा, कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एखाद्या कारखान्याच्या बिलावर 'ऱ्या' तुटका छापला जातो आणि त्यासाठी एक फाइल दुरुस्त करायची आहे. आधी 'क्विल्ट पुश -ए' (सगळे पॅच लावणे), मग 'क्विल्ट न्यू' (नवा पॅच सुरू करणे), मग त्या फाइलसाठी 'क्विल्ट ॲड' (ती पॅचमध्ये नोंदवणे). त्यानंतरच फाइलला हात लावायचा आणि शेवटी 'क्विल्ट रिफ्रेश' (बदल पॅचमध्ये लिहिणे). सर्वाधिक चुका 'ॲड' विसरल्याने होतात: बदल पॅचमध्ये येत नाही आणि डीपीकेजी-सोर्स अनपेक्षित बदल सापडल्याचे सांगून थांबतो. तेव्हा घाईने त्याचा, सगळे बदल एका नव्या पॅचमध्ये घेणारा 'कमिट' पर्याय वापरू नये. बिल्डमध्ये आपोआप तयार झालेल्या फाइलीही त्या पॅचमध्ये शिरतात.

दुसरी अडचण फझची, म्हणजे पॅच अंदाजाने जुळवून लावण्याची. आजूबाजूच्या ओळी थोड्या बदलल्या, तरी क्विल्ट पॅच लावून घेतो. डीपीकेजी-सोर्स मात्र नाकारतो. म्हणून मूळ प्रकल्पाची नवी आवृत्ती आली की प्रत्येक पॅच लावून रिफ्रेश करावाच.

गिटवर (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनावर) काम करणारे 'जीबीपी पीक्यू' हा आदेश वापरतात. त्यातला 'इम्पोर्ट' प्रत्येक पॅचचा एक कमिट (गिटमधली बदलाची नोंद) करतो, 'एक्स्पोर्ट' त्या कमिटांवरून पॅचेस फोल्डर नव्याने लिहितो. मधल्या काळात पॅच फाइल हाताने बदलली असेल, तर तो बदल पुसला जातो. एका वेळी एकच साधन वापरणे हाच यावरचा उपाय.

पॅचच्या डोक्यावर डेप-३ (पॅचच्या माहितीचा डेबियनमधला ठरलेला नमुना) पद्धतीने वर्णन, लेखक आणि बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवला का, हे लिहावे. आपण बदललेल्या पॅकेजच्या आवृत्ती क्रमांकाला कोल्हापूर रेल्वे स्थानकाच्या 'केओपी' कोडची शेपटी द्यायची, तर ती अधिक चिन्हाशिवाय लावावी: २.४-३केओपी१. अधिक चिन्ह घातले, तर ही आवृत्ती डेबियन १२ च्या २.४-३+डेब१२यू१ अशा सुरक्षा अपडेटपेक्षा मोठी ठरते आणि ते अपडेट यंत्रावर येतच नाही.