बसून चालवायचं लॉनमोवर सुरू होत नाही? आम्हाला बोलावण्याआधी एवढं बघा

ग्राहकहो,

मृगाचा पाऊस झाला, की फार्महाऊसवरचं, शाळेच्या मैदानावरचं गवत बघता बघता घोट्याच्या वर येतं आणि आमचा फोन वाजायला लागतो. दिवाळीनंतर शेडमध्ये लावलेलं मशीन बाहेर काढलं, किल्ली फिरवली, पण सुरूच होत नाही. यातल्या बऱ्याच तक्रारी जागेवर सुटण्यासारख्या असतात. टेम्पोचं भाडं आणि व्हिजिटचे पैसे तुम्हाला उगाच पडू नयेत, म्हणून हे पत्रक. मशीन रोज ज्यांच्या हातात असतं त्या माळीदादांना ते वाचायला द्या. शेडच्या भिंतीवर चिकटवलंत तर आणखी बरं.

फोनवर आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किल्ली फिरवल्यावर आवाज कसला येतो? काहीच येत नाही, नुसतं टिकटिक होतं, की इंजिन फिरतं पण धरत नाही? या उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून असतं. म्हणून काहीही खोलण्याआधी एकदा नीट कान देऊन ऐका. नंतर मशीन सपाट जागी घ्या, हँडब्रेक लावा, किल्ली काढून खिशात ठेवा. पात्याजवळ हात घालायचा असेल, तर स्पार्क प्लगची वायर आधी काढा. पेट्रोलचं काम उघड्यावर करा आणि त्या वेळी जवळपास विडी-सिगारेट नको.

काहीच आवाज नाही

बॅटरीकडे वळण्याआधी सेफ्टी स्विच बघा. ब्रेक पूर्ण दाबलेला आणि पाती बंद असल्याशिवाय मशीनने सुरूच होऊ नये, अशी कंपनीने वायरिंगमध्येच सोय केलेली असते. ब्रेकचं पेडल अर्धवट दाबून चालत नाही, तळाला टेकेपर्यंत दाबायचं. दोन दांड्यांच्या झिरो-टर्न मशीनमध्ये दोन्ही दांड्या बाहेरच्या बाजूला पूर्ण उघडलेल्या हव्यात. पाती फिरवायचा खटका (काहींना बटण असतं, काहींना लिव्हर) बंद हवा. मागच्या वेळी काम संपल्यावर नुसती किल्ली बंद केली आणि खटका तसाच चालू राहिला, तर आज मशीन गप्प बसणारच.

हे सगळं बरोबर असेल तर सीट पुढे उलटी करा. माणूस सीटवर बसला आहे की नाही हे ओळखणारा स्विच तिथे असतो. त्याचा प्लास्टिकचा एक छोटा कपलर (वायरी जोडायचा खटका) दिसेल, त्यात वायरी गेलेल्या असतात. गचके बसून तो सैल होतो, नाहीतर वाळलेलं गवत आणि माती आत जाऊन काँटॅक्ट जातो. कपलर काढा, आतल्या पितळी पिना हिरव्या पडल्या आहेत का बघा, काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारा, ‘कट’ आवाज येईपर्यंत परत दाबून बसवा. मशीन प्रेशरच्या पाण्याने धुतलं आणि दुसऱ्या दिवशी बंद पडलं, असं झालं असेल तर दोष बहुतेक इथेच असतो. दिवसभर उन्हात वाळू द्या. खालून पातं धुवायला हरकत नाही, पण सीटखाली आणि इंजिनवर पाण्याचा फवारा मारू नका.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. सीटचा स्विच वायर जोडून कायमचा बाद करून द्या, अशी मागणी आमच्याकडे वरचेवर येते. ते आम्ही करत नाही, कितीही घाई असली तरी. उतारावर मशीन कलंडलं किंवा माणूस सीटवरून घसरला, तर इंजिन आणि पातं थांबवणारा तोच एक स्विच असतो. नवीन स्विच बसवायला फार वेळ लागत नाही. पायाची बोटं गेली तर परत येत नाहीत. दुसऱ्या कुणी असं करून दिलं असेल, तर मशीन आमच्याकडे आणा, आम्ही ते पूर्ववत करून देऊ.

स्विच ठीक असूनही शुकशुकाट असेल तर फ्यूज बघा. तो बहुधा बॅटरीजवळ असतो, १५ किंवा २० अँपिअरचा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. तारेचा तुकडा किंवा चांदीचा कागद लावू नका, वायरिंग जळतं.

टिकटिक होतं, पण इंजिन फिरत नाही

भराभर टिकटिक म्हणजे बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल खराब. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आला असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासा, सुकवा, घट्ट आवळा आणि वर थोडं व्हॅसलिन लावा. केबल काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. मायनसची केबल चासीला जिथे बोल्टने जोडलेली असते, तो बोल्टही पॉलिश पेपरने साफ करा. तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मल्टिमीटर असेल तर मोजा. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल तर ती रिकामीच समजा. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर चार्ज करूनही फार दिवस टिकणार नाही. ही बॅटरी छोटी असते, त्यामुळे ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करणाऱ्याकडे देऊन जोराने चार्ज करून घेऊ नका. कमी अँपिअरवर रात्रभर सावकाश होऊ द्या.

एकदाच मोठा ‘टक्’ आणि मग शांतता, असं असेल तर सोलेनॉइड (स्टार्टरला करंट सोडणारा स्विच) किंवा स्टार्टर मोटर बघावी लागते. ते काम आमचं.

इंजिन अर्ध फिरून अडकतं

याकडे दुर्लक्ष करू नका. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइल खुणेच्या वर गेलं असेल, तर कार्बोरेटरमधून पेट्रोल झिरपून इंजिनमध्ये उतरलं आहे. सेल्फ मारत राहू नका, आतले पार्ट वाकतात. पेट्रोल कॉक बंद करा आणि आम्हाला कळवा. वास नसेल आणि बॅटरीही चांगली असेल, तर बहुतेक व्हॉल्व्ह सेटिंग करावं लागतं.

फिरतं, पण धरत नाही

उन्हाळाभर पडून राहिलेलं पेट्रोल हे याचं नेहमीचं कारण. महिनाभरात ते उतरायला लागतं. नंतर त्याचा चिकट थर बसतो आणि कार्बोरेटरची सुईएवढी भोकं बुजतात. शिवाय हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. या इंजिनांच्या बहुतेक पुस्तिकांमध्ये १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. त्यामुळे एका वेळी लागेल तेवढंच पेट्रोल भरा. जुनं काचेच्या बाटलीत काढून बघा. गढूळ दिसलं, तळाशी पाणी दिसलं किंवा आंबट वास आला तर टाकी रिकामी करा, फिल्टर बदला, ताजं पेट्रोल घाला.

मग कॉक उघडा आहे ना, चोक ओढलेला आहे ना ते बघा. सेल्फ दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर मोटर तापते. तरी धरलं नाही तर प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल जास्त झालं आहे: पुसा, थोडा वेळ हवेवर ठेवा, चोक न लावता प्रयत्न करा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचतच नाही. काजळीने काळा असेल तर एअर फिल्टर बघा.

शेडमधले पाहुणेही त्रास देतात. उंदीर वायरी कुरतडतात आणि पंख्याच्या झाकणाखाली गवत-कापसाचं घरटं करतात. कुंभारमाशी सायलेन्सरच्या तोंडात मातीचं घर बांधते. टॉर्च घेऊन दोन्ही जागा बघा.

मशीन सुरू होऊन थोड्या वेळाने मरत असेल, तर टाकीचं झाकण किंचित सैल करून बघा. तेवढ्याने चाललं, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं आहे.

फोन करताना

इंजिनवरच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर आणि सीटखालचा मशीनचा नंबर यांचे फोटो पाठवा, किल्ली फिरवतानाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवा. यातलं काय काय करून झालं तेही सांगा, म्हणजे येतानाच योग्य पार्ट बरोबर आणता येतात. टेम्पोने पाठवणार असाल, तर टाकी रिकामी करा, बॅटरीची मायनस केबल सोडा आणि किल्ली ड्रायव्हरकडे वेगळी द्या.