ग्रीनलंड कुत्रा

ग्रीनलंडमधील इन्युइट लोकांचा स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढणारा कुत्रा. इन्युइटांचे पूर्वज असलेले थुले लोक सुमारे हजार वर्षांपूर्वी अलास्का-कॅनडाकडून ग्रीनलंडला आले, ते हे कुत्रे घेऊनच. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्याचे जवळचे नाते अलास्कातील सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याशी जुळले. युरोपीय कुत्र्यांची भेसळ त्याच्यात नगण्य आढळली.

नराची खांद्यापाशी उंची किमान ६० सेंमी., तर मादीची ५५ सेंमी. असते. डोके रुंद, कान छोटे व त्रिकोणी, शेपटी झुपकेदार आणि पाठीवर वळलेली. आत दाट लोकर आणि वर राठ केस असल्यामुळे तो उघड्या बर्फावर अंगाचे वेटोळे करून बिनघोर झोपतो. सील आणि मासे हे त्याचे मुख्य खाणे. तो तापट, हट्टी आणि कळपातल्या मानपानाबद्दल कमालीचा जागरूक असतो. घरात पाळायचा कुत्रा तो नव्हेच.

त्याला जुंपण्याची रीत खास आहे. प्रत्येक कुत्र्याचा दोर वेगळा असतो आणि सगळे दोर स्लेजपुढे एका ठिकाणी बांधलेले असतात, त्यामुळे कुत्रे पंख्यासारखे पसरून धावतात. झाडेझुडपे नसलेल्या सागरी बर्फावर हे सोयीचे पडते, शिवाय पातळ बर्फावर भार विभागला जातो. मात्र धावताना कुत्रे सतत जागा बदलतात, दोरांचा पीळ बसत जातो, आणि कडाक्याच्या थंडीत हातमोजे काढून तो सोडवत बसावे लागते.

नॉर्वेचा ध्रुवसंशोधक आमुनसेन १९११ मध्ये दक्षिण ध्रुवाकडे निघाला तेव्हा त्याच्याजवळ असे ५२ कुत्रे होते, ११ परतले. बाकीच्यांपैकी बहुतेक ठरवूनच मारून माणसांना व उरलेल्या कुत्र्यांना खाऊ घातले होते. ध्रुवविजयाचे वर्णन करताना ही किंमत सांगितलीच पाहिजे. ग्रीनलंडमध्ये जन्मलेला डॅनिश शोधप्रवासी नूद रासमुसेन यानेही १९२१–२४ च्या मोहिमेत कुत्र्यांच्याच बळावर आर्क्टिक कॅनडा ओलांडून अलास्का गाठले.

पश्चिम ग्रीनलंडमध्ये आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस, तसेच पूर्व ग्रीनलंडमध्ये दुसऱ्या जातीचा कुत्रा आणायला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे जात शुद्ध राहिली, पण संख्या टिकली नाही. २००२ च्या सुमारास असलेले २५,००० कुत्रे २०२० पर्यंत जवळपास १३,००० वर आले. स्नोमोबाइलने (बर्फावर चालणाऱ्या मोटारगाडीने) त्यांचे काम घेतले आणि सागरी बर्फाचा हंगामही आखडला. ध्रुवीय अस्वलाच्या शिकारीत स्नोमोबाइलला बंदी असल्याने उत्तरेकडील शिकाऱ्यांकडे अजून त्यांना काम आहे. ईशान्य ग्रीनलंडमध्ये डॅनिश नौदलाचे सिरियस गस्तीपथकही त्यांच्यासहच फिरते.