सोफ्यावर बसून कर्सर हाकताना

टीव्हीला संगणक जोडला की पहिली अडचण येते ती माउसची. माउसला सपाट, स्थिर जागा लागते आणि सोफ्यावर नेमकी तीच नसते. मांडीवर वही ठेवा, उशी ठेवा, मनगट अधांतरीच राहतं. गेम कंट्रोलर मात्र दोन्ही हातांत धरण्यासाठीच घडवलेला असतो, त्याला टेकायला काही लागत नाही. दोन स्टिक, दिशांचा डी-पॅड, चार मुख्य बटणं, खांद्यावरची दोन बटणं आणि त्यांच्याखाली दोन ट्रिगर. एवढ्या सामग्रीवर अख्खा संगणक चालायला हवा, आणि चालतोही. पण स्टिकवर कर्सर सोपवला की सुरुवातीला बहुतेकांची चिडचिड होते. कर्सर हव्या त्या बटणाच्या पुढे निघून जातो, मागे आणावा तर फार मागे येतो. यात सरावाचा भाग आहेच, पण त्याहून मोठं कारण स्टिकच्या स्वभावात आहे. ते कळलं की कंट्रोलरची मांडणी वेगळ्याच तऱ्हेने करावीशी वाटते.

आधी एक साधा प्रश्न. कंट्रोलर जोडल्याबरोबर कर्सर हलत का नाही? यूएसबीवर चालणारी माउस, कीबोर्ड यांसारखी उपकरणं एचआयडी नावाच्या प्रमाणानुसार जोडताक्षणी आपली ओळख सांगतात. या प्रमाणात प्रत्येक प्रकाराला क्रमांक आहे: माउसला २, जॉयस्टिकला ४, गेमपॅडला ५, कीबोर्डला ६. 'मी २' असं सांगणाऱ्याची हालचाल ऑपरेटिंग सिस्टिम कर्सरला देते. 'मी ५' म्हणणाऱ्याची हालचाल ती नुसती नोंदवून ठेवते, आणि एखादा गेम मागेल तेव्हा त्याच्या हवाली करते. एक्सबॉक्सचे वायरीने जोडलेले कंट्रोलर कंपनीची स्वतःची भाषा बोलतात, पण फळ तेच.

त्यामुळे मध्ये एक दुभाषा प्रोग्रॅम लागतो. विंडोजवर जॉयटूकी, लिनक्सवर अँटीमायक्रोएक्स, आणि स्टीम हा गेम विकत घेऊन चालवायचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी त्यातलीच डेस्कटॉपची मांडणी. हे प्रोग्रॅम कंट्रोलरची स्थिती सेकंदाला शेकडो वेळा वाचतात आणि तिच्यावरून माउसच्या किंवा कीबोर्डच्या घटना तयार करून सिस्टिममध्ये सोडतात. लिनक्समध्ये त्यासाठी कर्नेलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, सोय आहे, तिथे चक्क एक आभासी माउस उभा करता येतो. पुढच्या प्रोग्रॅमांना तो खऱ्या माउससारखाच दिसतो.

आता मूळ मुद्दा. माउस जागा सांगतो. तो सरकवला की कर्सर सरकतो, हात थांबला की कर्सर थांबतो. स्टिककडून हे काम होत नाही. अंगठ्याला मधल्या जागेपासून कोणत्याही बाजूला जेमतेम सेंटीमीटरभर फिरता येतं. तेवढ्यात स्क्रीनची १९२० पिक्सेलची रुंदी कोंबली तर अंगठ्याच्या बारीक थरथरीनेही कर्सर उड्या मारेल. शिवाय सोडताच स्प्रिंग स्टिकला मध्यभागी आणते, तिच्याबरोबर कर्सरही मध्यभागी परतेल. म्हणून स्टिक किती कलली यावरून कर्सरचा वेग ठरवला जातो. नळाची तोटी अशीच चालते. ती किती फिरवली यावर धार ठरते, आणि पेल्यातल्या रेघेशी पाणी थांबवायचं असेल तर तोटी वेळेवर बंद करावी लागते.

ही वेळ साधणंच अवघड. डोळ्यांनी पाहून बोटाने प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. कर्सर सेकंदाला १००० पिक्सेल वेगाने जात असेल तर पाव सेकंदात तो २५० पिक्सेल पुढे गेलेला असतो. म्हणजे लक्ष्य येण्याआधीच स्टिक सोडायला हवी, आणि हा अंदाज मेंदूला दर वेळी नव्याने बांधावा लागतो. १९७८ साली झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतल्या स्टुअर्ट कार्ड, विल्यम इंग्लिश आणि बेटी बर यांनी पडद्यावरचा मजकूर निवडण्यासाठी माउस, वेग सांगणारी जॉयस्टिक आणि दोन प्रकारच्या कळा यांची तुलना केली होती. माउस सर्वांत जलद ठरला आणि चुकाही त्याच्याच सर्वांत कमी झाल्या. (यातले इंग्लिश म्हणजे डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून १९६४च्या सुमारास पहिला माउस प्रत्यक्ष बनवणारे अभियंते.)

इथे फिट्सचा नियम उपयोगी पडतो. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञांनी तो १९५४ साली मांडला: लक्ष्य गाठायला लागणारा वेळ लक्ष्याचं अंतर आणि त्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो, आणि गुणोत्तर दुप्पट झालं की वेळ दुप्पट न होता ठरावीक एका टप्प्याने वाढतो. अंतर तेवढंच ठेवून बटण दुप्पट रुंद केलं, तर तोच टप्पा वाचतो. सोफ्यावरून वापरताना स्क्रीनवरचं सगळं मोठं करावं ते यासाठी. दुसरं कारण डोळ्यांचं. निकोप डोळ्याला अक्षर ओळखू यायला त्याची उंची नजरेत निदान ५ कोनमिनिटं (कोनमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) भरावी लागते. ६० सेंटीमीटरवर ही उंची एका मिलिमीटरहूनही कमी येते, ३ मीटरवर ती जवळजवळ साडेचार मिलिमीटर होते. आणि ही नुसती ओळखू येण्याची सीमा झाली, आरामात वाचायला याच्या दुप्पट-तिप्पट आकार हवा. स्केलिंग २०० टक्क्यांवर नेलं की वाचणं आणि नेम धरणं दोन्ही एकदम सुधारतं.

याच नियमातून निघणारी एक गंमत मला फार आवडते. स्क्रीनच्या कडेला कर्सर आपोआप अडतो. माउसवाल्यांना या कडांचा फायदा होतोच, पण स्टिकवाल्यांना तो कितीतरी जास्त होतो, कारण त्यांचं सगळं अवघड काम थांबण्याचं आहे आणि कडेला थांबावंच लागत नाही. स्टिक कोपऱ्याकडे दाबून धरायची, बस. रोज लागणाऱ्या गोष्टी कडांवर आणि कोपऱ्यांत नेऊन ठेवल्या तर स्टिक अचानक शहाणी वाटू लागते.

स्टिकच्या पोटात काय असतं तेही पाहू. बहुतेक कंट्रोलरमध्ये एकमेकींशी काटकोनात बसवलेली दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. स्टिक कलली की आतला स्पर्शक कार्बनच्या पट्टीवर सरकतो आणि व्होल्टेज बदलतं. तेच पुढे आकड्यात येतं. एक्सबॉक्सच्या पद्धतीत हा आकडा उणे ३२७६८ ते अधिक ३२७६७ असतो. घासून घासून पट्टी झिजते, आणि मग हात न लावताही कर्सर एका बाजूला वाहत राहतो. हॉल सेन्सर चुंबकाची हालचाल विजेतल्या बदलावरून टिपतो; त्याच्या स्टिकमध्ये चुंबक आणि सेन्सर यांचा स्पर्शच होत नाही, त्यामुळे ही झीज टळते. एडविन हॉल यांनी चुंबकाचा हा परिणाम १८७९ मध्ये शोधला, आणि सेगा या गेम कंपनीने १९९० च्या दशकातच तो आपल्या कंट्रोलरमध्ये वापरला होता.

नवी कोरी स्टिकसुद्धा सोडल्यावर बरोबर शून्यावर येत नाही. म्हणून मध्याभोवतीचा काही भाग मृत धरतात, त्याला डेड झोन म्हणतात. मायक्रोसॉफ्टने प्रोग्रॅमरना सुचवलेला डेड झोन डाव्या स्टिकसाठी ७८४९ आणि उजवीसाठी ८६८९ आहे, म्हणजे हालचालीचा जवळपास पाव भाग. गेममध्ये धावायला-वळायला हे ठीक आहे, पण कर्सरच्या नाजूक कामाला हा पाव भाग गमावणं परवडत नाही. स्टिक चांगल्या अवस्थेत असेल तर डेड झोन दहा टक्क्यांच्या आसपास आणावा, आणि वाहायला लागेल तेवढाच वाढवावा.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो वेगाच्या वक्राने. कल आणि वेग सरळ प्रमाणात ठेवले तर एक कोंडी होते. कमाल वेग सेकंदाला १५०० पिक्सेल ठेवला तर स्क्रीन सव्वा सेकंदात पार होते, पण दहा टक्के कलण्यालाही कर्सर सेकंदाला १५० पिक्सेल पळतो. बारीक लक्ष्यासाठी हे फार झालं. उपाय असा की कलाचा वर्ग किंवा घन घ्यायचा. घन घेतला तर अर्ध्या कलाला वेग कमाल वेगाचा फक्त साडेबारा टक्के, म्हणजे सेकंदाला सुमारे १९० पिक्सेल राहतो. अंगठ्याच्या हालचालीचा मोठा भाग असा सावकाश नेमासाठी मोकळा होतो आणि काठाशी वेग झपाट्याने चढतो. दहा टक्के कलाला तर सेकंदाला दीड पिक्सेलच पडतो, आणि इथे चांगल्या-वाईट प्रोग्रॅमचा फरक उघड होतो. सेकंदाला १२५ वेळा कर्सर हलवायचा तर दर वेळी वाट्याला पिक्सेलचा शंभरावा भाग येतो. तो शून्य धरून टाकून दिला तर कर्सर हलणारच नाही, उरलेला अपूर्णांक साठवत नेला तर तो शांतपणे सरकत राहतो.

ज्यांच्या हाताला मोठी हालचाल जमत नाही त्यांना वेग सांगणारी स्टिक माउसपेक्षा सोयीची पडू शकते, हेही इथेच सांगायला हवं. कल किती का छोटा असेना, तो धरून ठेवला की कर्सर स्क्रीनच्या टोकापर्यंत पोचतो. विजेवरच्या चाकाच्या खुर्च्या जॉयस्टिकने चालतात त्याचं कारणही हेच. २०१८ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलरला बाहेरची बटणं आणि स्टिक जोडायला १९ साधे जॅक आणि दोन यूएसबी जागा आहेत. ज्याला जो स्नायू हलवता येतो त्याच्यापाशी बटण नेता येतं. मला या सगळ्या विषयात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

स्टिकच्या कोंडीतून बाहेर पडायची आणखी एक वाट काही कंट्रोलरच्या पोटातच आहे: वळणं मोजणारा जायरोस्कोप. प्लेस्टेशनचे ड्युअलशॉक ४ आणि ड्युअलसेन्स, निन्टेंडो स्विचचे कंट्रोलर, हातात धरायचा स्टीम डेक या सगळ्यांत तो आहे, नेहमीच्या एक्सबॉक्स कंट्रोलरमध्ये नाही. सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सतत कंप पावत ठेवलेला असतो. कंट्रोलर वळवला की कोरिऑलिस परिणामामुळे (वळणाऱ्या वस्तूतली हलती गोष्ट बाजूला ढकलली जाते) तो तुकडा कंपाच्या दिशेला काटकोनात किंचित ढळतो, आणि जवळच्या पट्ट्यांची विद्युतधारिता बदलते. त्यावरून वळण्याचा वेग कळतो, वेगाची बेरीज करत गेलं की कोन कळतो. मनगट थांबलं की कर्सर थांबतो, म्हणजे माउसचा स्वभाव परत मिळाला. सव्वा मीटर रुंद टीव्ही ३ मीटरवरून साधारण २३ अंश व्यापतो, तेवढं वळणं मनगटाला सहज जमतं.

यालाही दोन खोडी आहेत. बेरजेत बारीक चूकही साठत जाते, म्हणून कंट्रोलर अधूनमधून टेबलावर स्थिर ठेवून त्याला शून्य शिकवावं लागतं. आणि बटण दाबताना कंट्रोलर हलतो, नेम चुकतो. त्यावर काही प्रोग्रॅममध्ये ट्रिगर दाबताच कर्सर क्षणभर गोठवण्याची सोय असते. जायरो सतत चालू ठेवू नये, एखादं बटण धरलं असतानाच चालावा. मग हात अवघडला की बटण सोडायचं आणि मनगट परत सरळ करायचं, माउस उचलून ठेवतो तसंच.

एवढं झाल्यावर माझं स्पष्ट मत असं की सोफ्यावर कर्सर शक्यतो वापरूच नये. चित्रपट लावणं, थांबवणं, आवाज कमी-जास्त करणं, पानं उलटणं ही एका बटणाची कामं आहेत. डी-पॅडला बाणांच्या कळा, ए बटणाला एंटर, बी ला एस्केप, खांद्यावरच्या बटणांना पुढची-मागची टॅब, एखाद्या बटणाला स्पेसबार द्या, निम्मं काम नेम न धरताच होतं. कर्सरसाठी उजवी स्टिक घेतलीत तर क्लिक उजव्या ट्रिगरवर ठेवा, कारण ए बटण दाबायला तोच अंगठा स्टिकवरून उचलावा लागतो. स्टिकच आत दाबून क्लिक करणं टाळा, दाबताना ती हमखास कलते. डाव्या स्टिकला स्क्रोल द्यावा. पान किती वेगाने सरकवायचं एवढंच तिथे सांगायचं असतं, आणि वेग सांगणं हेच तर तिचं काम.

टायपिंगला मात्र ही हुशारी तोकडी पडते. स्क्रीनवरच्या कीबोर्डमध्ये एकेका अक्षरापर्यंत डी-पॅडने चालत जाणं कंटाळवाणं आहे. स्टीमच्या टीव्हीसाठी असलेल्या बिग पिक्चर मोडमध्ये २०१२ साली आलेली फुलाची मांडणी बरीच कल्पक होती: आठ पाकळ्या, प्रत्येकीवर चार अक्षरं. स्टिकने पाकळी धरायची, चार बटणांपैकी एकाने अक्षर निवडायचं. ३२ चिन्हं प्रत्येकी दोन हालचालींत, आणि बोटांना सवय झाली की न बघताही. विंडोज ११ मध्ये विंडोज आणि एच या कळा एकत्र दाबल्या की बोलून टाइप करता येतं, ही जोडी एखाद्या मोकळ्या बटणाला द्यायला हरकत नाही.

पासवर्ड मोठ्याने बोलायचा नसतो, आणि नेमका तिथेच दुभाषाही हात टेकतो. लॉगिन करेपर्यंत तो सुरूच झालेला नसतो. विंडोज एखाद्या बदलासाठी परवानगी विचारतं तेव्हाही साध्या प्रोग्रॅमने बनवलेले क्लिक ते मुद्दाम स्वीकारत नाही, नाहीतर कोणताही घातक प्रोग्रॅम तुमच्या वतीने 'हो' म्हणू शकला असता. मॅकवर अशा प्रोग्रॅमला आधी सेटिंगमध्ये जाऊन स्वतः मुभा द्यावी लागते. तेव्हा कंट्रोलर कितीही छान जमला तरी सोफ्याच्या कोपऱ्यात एक छोटा वायरलेस कीबोर्ड असू द्या.