बूस्ट आणि जाहिरात: ब्लॉगवाल्यांचे पैसे नेमके कुठे वाया जातात

‘पोस्ट बूस्ट केली, लाइक ढीगभर आले, ब्लॉगवर मात्र कोणी फिरकलं नाही. फेसबुकवर जाहिरात करण्यात काही अर्थ नाही.’ ब्लॉग लिहिणाऱ्या ओळखीच्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते. माणसं पदरमोड करून पैसे घालतात, हिरमुसतात आणि आपलं चांगलं लिखाण लोकांपर्यंत न्यायचंच सोडून देतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बूस्ट म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. पेजवरच्या पोस्टखाली बटण असतं, रक्कम आणि दिवस टाकले की पोस्ट तेवढे दिवस जास्त लोकांना दिसते, झालं. दुसरा रस्ता ॲड्स मॅनेजरचा, म्हणजे फेसबुकवरच्या जाहिराती चालवायच्या स्वतंत्र पानाचा. तिथे पहिलाच प्रश्न उद्दिष्टाचा येतो: अवेअरनेस (नुसतं नजरेस पडणं), ट्रॅफिक (लिंकवर माणसं नेणं), एंगेजमेंट (लाइक-कमेंट), लीड्स (इच्छुकांचे संपर्क), ॲप प्रमोशन की सेल्स? जाहिरात कुठे दिसावी, दोन फोटोंपैकी कुठला चालतो, हेही तिथे जास्त बारकाईने ठरवता येतं. हे फरक आहेत, पण महिन्याला हजार-दोन हजार खर्च करणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नाही. शिकवणारे याच फरकांवर अर्धा-अर्धा तास बोलत बसतात, याचा मला राग येतो.

कारण पैसे वाया जातात ते जाहिरातीकडून काय हवं, ही मागणीच चुकल्यामुळे. दोन्ही रस्ते शेवटी एकाच लिलावात जाऊन मिळतात; कोणाला कुठली जाहिरात दाखवायची ते त्यात ठरतं. तिथे फेसबुकची यंत्रणा प्रत्येक माणसाबद्दल अंदाज बांधते: जाहिरातदाराने मागितलेली कृती हा माणूस करेल का? तुम्ही एंगेजमेंट मागितलंत, तर फोटो दिसला की अंगठा दाबणारी माणसं शोधली जातात. अशी माणसं भरपूर आहेत आणि स्वस्तात मिळतात. पण अंगठा दाबला की ती पुढे सरकतात. फेसबुक सोडून दुसरीकडे जायचं आणि लांबलचक लेख वाचायचा, ही त्यांची सवय नव्हे. तुम्ही ट्रॅफिक मागितलंत, तर लिंकवर जाणारी माणसं शोधली जातात. पोस्ट तीच, फोटो तोच, पैसेही तेवढेच, पण ती दिसते निराळ्याच लोकांना.

बूस्ट करताना ध्येय ‘ऑटोमॅटिक’वर सोडलं, तर ही मागणी तुमच्या वतीने यंत्रणाच ठरवून टाकते. वेबसाइटवर माणसं आणण्याचा पर्याय तिथेही असतो. बहुतेक जण तो उघडूनच बघत नाहीत. त्यामुळे बूस्ट वाईट आणि ॲड्स मॅनेजर चांगला, असं सरसकट कोणी सांगितलं तर तेही मानू नका. ॲड्स मॅनेजरमध्ये जाऊन एंगेजमेंट निवडलं, तर फळ तेच मिळणार.

गोंधळात भर घालतो तो ‘रिझल्ट’ हा शब्द. अहवालात रकाना एकच, पण त्याचा अर्थ उद्दिष्टाप्रमाणे बदलतो. एंगेजमेंटच्या जाहिरातीत लाइक, कमेंट, शेअर, इतकंच काय, फोटो मोठा करून बघणंसुद्धा त्यात धरलं जातं. ट्रॅफिकच्या जाहिरातीत त्याच रकान्यात लिंकवरचे क्लिक किंवा उघडलेली पानं मोजलेली असतात. मग लोक म्हणतात, ‘बूस्टमध्ये रिझल्ट चाळीस पैशांना पडला, ट्रॅफिकमध्ये सहा रुपयांना, म्हणजे बूस्टच स्वस्त!’ अहो, चाळीस पैशांत तुम्हाला अंगठा मिळाला आणि सहा रुपयांत दारात माणूस आला. या दोन आकड्यांची तुलना करूच नका. तशीच ‘क्लिक्स (ऑल)’ या रकान्याची गत. लाइक करायला किंवा फोटो मोठा करायला टेकवलेलं बोटही त्यात मोजतात. बघायचा तो ‘लिंक क्लिक्स’चा रकाना.

मागच्या श्रावणात ओळखीच्या एका ताईंनी वालाच्या बिरड्याची पोस्ट बूस्ट केली होती. फोटो देखणा होता: पितळेचं पातेलं, वर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. खाली वाल भिजवून मोड आणण्यापासून ते सोलून फोडणीला टाकण्यापर्यंत सगळी कृती लिहिलेली. शेवटी ओळ होती, ‘सविस्तर लेखाची लिंक पहिल्या कमेंटमध्ये’. मला फोन दाखवत होत्या तेव्हा कमेंटी भराभर येत होत्या: ‘तोंडाला पाणी सुटलं’, ‘आमच्याकडे गूळ जरा जास्त घालतात’. ब्लॉगच्या आकड्यांत मात्र तीन दिवसांत काहीच हललं नव्हतं. हलणार तरी कसं? कृती पोस्टमध्येच संपली होती आणि ज्या पोस्टसाठी पैसे भरले, तिच्यात दाबायला लिंकच नव्हती. पहिली कमेंट हा जाहिरातीचा भाग नसतो. लिंक कमेंटमध्ये टाकायची ही पद्धत आपल्याकडे फार बोकाळली आहे. फुकटच्या पोस्टला काय करायचं ते करा, पैसे देताना तरी ती सोडा.

पुढच्या खेपेला आम्ही ट्रॅफिक निवडलं. मजकूर दोनच ओळींचा ठेवला: वाल पटापट सोलायची युक्ती आहे, ती लेखात सांगितली आहे. खाली ‘लर्न मोर’चं बटण. लाइक मोजकेच आले, पण ताईंच्या ब्लॉगवर अनोळखी वाचक दिसू लागले.

ट्रॅफिकच्या आतही एक पायरी आहे आणि तिच्याबाबत मी हट्टी आहे. यंत्रणेला ‘लिंक क्लिक’ मागायचा की ‘लँडिंग पेज व्ह्यू’? क्लिक म्हणजे बोट लागलं. लँडिंग पेज व्ह्यू म्हणजे पान खरोखर उघडलं. मधल्या मध्ये बरीच माणसं गळतात: कोणाचं बोट चुकून लागलेलं असतं, कोणाची एसटी घाटात शिरली आणि रेंज गेली, कोणी चार मोठे फोटो उघडेपर्यंत थांबत नाही. समजा, ५०० रुपयांत १०० क्लिक आले. पाच रुपयांना एक. पण पान उघडलं ६० जणांसमोर, म्हणजे उघडलेलं एक पान सव्वाआठ रुपयांच्या वर गेलं. त्यातले दहा सेकंदांहून जास्त थांबले २५ जण. ब्लॉगवरच्या भेटी मोजणारं गूगल ॲनालिटिक्स इतका वेळ टिकलेल्या भेटीला ‘एंगेज्ड’ म्हणतं. म्हणजे एक वाचक २० रुपयांना पडला. वर १८ टक्के जीएसटी धरा: खिशातून ५९० गेले आणि वाचक २३ रुपये ६० पैशांना. मी हाच आकडा वहीत लिहिते. लँडिंग पेज व्ह्यू मागायचा तर ब्लॉगवर मेटाचा (फेसबुकच्या मूळ कंपनीचा) पिक्सेल, म्हणजे पान उघडल्याची नोंद करणारा छोटा कोड, बसवावा लागतो. गूगलच्या ‘ब्लॉगर’वर तो थीमच्या एचटीएमएलमध्ये डकवता येतो, तासाभराचंही काम नाही. आणि ‘ऑडियन्स नेटवर्क’ ही जागा बंद करा. ती इतर ॲपमधली जागा असते, तिथे चुकून लागणारी बोटं फार.

‘तीनशे रुपयांत दहा हजार व्हिजिटर’ असं कोणी विकत असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नका. ती माणसं नसतातच, आणि ब्लॉगवर ॲडसेन्स (गूगलच्या जाहिराती दाखवून पैसे मिळवायची सोय) असेल तर खोट्या वर्दळीपायी खातं बंद पडू शकतं.

बूस्ट मीही करते, पण पोस्ट नुसती दिसली तरी काम होणार असेल तेव्हाच. गावात पुस्तक प्रकाशन आहे, तारीख, वेळ आणि सभागृह एवढंच पोचवायचं आहे, तेव्हा आसपासच्या भागापुरतं बूस्ट पुरेसं. तिथे कोणी कुठे जाऊन काही वाचायचं नसतं.

थोड्या पैशांत ट्रॅफिक चालवणार असाल तर ॲड सेट, म्हणजे रक्कम आणि प्रेक्षक ठरवलेला जाहिरातीचा गट, एकच ठेवा. जाहिरात कोणाला दाखवावी हे ॲड सेटला शिकायला आठवड्यात साधारण ५० रिझल्ट लागतात, असं मेटाच सांगते. रोजचे १०० रुपये सात दिवस, वरच्या हिशेबाने ८४ उघडलेली पानं. तेच पैसे पुणे, नाशिक, नागपूर आणि गोवा अशा चार ॲड सेटमध्ये वाटले, तर प्रत्येकाला २१ मिळतील आणि एकही धड शिकणार नाही. भाषेत फक्त मराठी निवडण्याचा मोहही आवरा. फोन इंग्रजीत ठेवून मराठी वाचणारे कितीतरी आहेत. मजकूर मराठीत आहे, ज्याला वाचता येत नाही तो थांबणारच नाही. एकदा सुरू केली की आठवडाभर रक्कम, फोटो, मजकूर कशालाच हात लावू नका. मोठा बदल केला की शिकणं पहिल्यापासून सुरू होतं.