हिरवी बुरशी, पण नेमकी कोणती?

1960 साली इंग्लंडमध्ये टर्कीची पिल्लं पटापट मरू लागली. आधी खाणं सुटायचं, मग अंगातलं त्राण जायचं आणि आठवडाभरात पक्षी दगावायचा. काही महिन्यांत एक लाखाहून जास्त टर्की गेल्या, पाठोपाठ बदकांची पिल्लंही मरू लागली. कारण कळेना, म्हणून रोगाला नुसतं ‘टर्की एक्स’ म्हणू लागले. जिवाणू सापडला नाही, विषाणूही सापडला नाही. शेवटी धागा मिळाला तो खाद्यात. या पक्ष्यांना ब्राझीलहून आलेली भुईमुगाची पेंड घातली जात होती.

पेंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा तिच्यात बुरशीचे तंतू दिसले, पण ते मेलेले. पेंडीतून बुरशी वाढवून पाहावी म्हटलं तर काही उगवेना. बुरशी कधीच संपली होती आणि तिनं केलेलं विष मागे शाबूत होतं. पुढे युगांडातल्या भुईमुगाच्या एका अतिविषारी नमुन्यातून जिवंत बुरशी हाती लागली आणि तिची ओळख पटली: अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. त्यातला ‘अ’, ‘फ्ला’ आणि पुढे ‘टॉक्सिन’ म्हणजे विष, असं जोडून विषाचं नाव झालं अफ्लाटॉक्सिन. अतिनील प्रकाशात या विषाचे काही ठिपके निळे चमकत, काही हिरवे. निळ्या आणि हिरव्या रंगाच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं घेऊन त्यांना बी आणि जी म्हटलं गेलं. बी गटातल्या बी-1 या विषाइतकी यकृताच्या कर्करोगाला कारण ठरणारी जहाल नैसर्गिक द्रव्यं फारच थोडी असतील.

अन्नाला बुरशी आली की दोन प्रश्नांची नेहमी गल्लत होते. ही बुरशी कोणती, हा एक. या अन्नात विष आहे का, हा दुसरा. त्या पेंडीत विष भरपूर होतं, पण नाव विचारायला बुरशी जिवंतच नव्हती. उलटही घडतं: अन्न हिरवंगार झालेलं असतं आणि त्यात अफ्लाटॉक्सिनचा लवलेश नसतो. मग बुरशी ओळखायची खटपट करायची तरी कशाला? कारण बुरशीविषं शेकडो आहेत आणि धान्याच्या प्रत्येक पोत्यात ती सगळी शोधत बसणं कुणालाच शक्य नाही. बुरशीचं नाव कळलं की कोणतं विष शोधायचं ते कळतं. शिवाय ते शेतात शिरलं की कोठारात, आणि पुढच्या हंगामात ते कुठे अडवायचं, याचाही माग लागतो.

रंगावरून मात्र काहीच ठरवू नये. पेनिसिलियमच्या बहुतेक प्रजाती निळ्या-हिरव्याच असतात. त्यांतली एक, पेनिसिलियम रोकफोर्टी, चीजमध्ये मुद्दाम वाढवतात. दुसरी, पेनिसिलियम एक्स्पान्सम, सफरचंद सडवते आणि त्यात पॅट्युलिन नावाचं विष सोडते. म्हणूनच सफरचंदाच्या रसात पॅट्युलिन किती चालेल याची मर्यादा घालून दिलेली आहे, किलोमागे 50 मायक्रोग्रॅम. दोघी शेजारी ठेवल्या तर नवख्याला फरक सांगता येणार नाही. काळी बुरशी जास्त घातक आणि पांढरी निरुपद्रवी, हा समजही तितकाच पोकळ आहे. मका आणि गव्हावर विष तयार करणाऱ्या फ्युजेरियम बुरशा पांढऱ्या-गुलाबी, कापसासारख्या दिसतात.

ओळख पटवण्याचं काम पेट्री डिशमध्ये सुरू होतं. धान्याचे दाणे आधी ब्लीचच्या पातळ द्रावणात दोनेक मिनिटं बुडवतात, म्हणजे वाऱ्यानं येऊन वर बसलेले बीजाणू मरतात. आपल्याला हवी असते ती दाण्याच्या आत शिरलेली बुरशी. मग दाणे अगारच्या, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमाच्या, थरावर ठेवतात. या थरात काय घालायचं, यात सगळं कसब आहे. साध्या पोषक अगारवर रायझोपससारखी झपाट्यानं पसरणारी बुरशी दोन दिवसांत सगळी डिश व्यापते आणि सावकाश वाढणाऱ्या, आपल्याला हव्या असलेल्या बुरशा तिच्याखाली गाडल्या जातात. तिला आवर घालायला डायक्लोरान हे द्रव्य घालतात, जिवाणूंना रोखायला क्लोरॅम्फेनिकॉल. सुक्या धान्यासाठी माध्यमात 18 टक्के ग्लिसरॉल मिसळतात. ते पाणी धरून ठेवतं, त्यामुळे सुकलेल्या दाण्यात असते तशी टंचाई डिशमध्येही तयार होते आणि कोरड्यात जगणाऱ्या बुरशांना आपली वाढ दाखवता येते. मला या युक्तीचं फार कौतुक वाटतं. बुरशीला आपल्या सोयीच्या जागी न आणता तिची जागाच डिशमध्ये उभी केलेली असते.

यापेक्षाही नेमकं एक माध्यम ऑस्ट्रेलियातल्या जॉन पिट आणि ऐल्सा हॉकिंग या बुरशीतज्ज्ञांनी 1983 मध्ये सहकाऱ्यासह मांडलं. अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस आणि तिची जवळची बहीण अ‍ॅस्परजिलस पॅरासिटिकस या दोघी अ‍ॅस्परजिलिक आम्ल सोडतात. माध्यमातल्या लोहक्षाराशी त्याचा संयोग झाला की डिशची मागची बाजू झगझगीत केशरी-पिवळी होते. 30 अंश सेल्सियसला दोन दिवसांच्या आत निकाल मिळतो. या केशरी रंगाचा अर्थ मात्र नीट समजून घ्यायला हवा. तो सांगतो ‘फ्लेव्हसच्या गोतातली बुरशी आली’, एवढंच. ती विष करते का, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी वेगळ्या चाचण्या आहेत, आणि त्यांचा साधेपणा पाहून थक्क व्हायला होतं. नारळाच्या रसाचं अगार करून त्यावर बुरशी वाढवायची आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरायची. विष करणाऱ्या वाणाभोवती निळसर प्रभा दिसते. दुसरी पद्धत म्हणजे डिश उलटी करून झाकणात अमोनियाचा थेंब टाकायचा. विष करणाऱ्या वाणाचा तळ वाफेनं गुलाबी होतो. दोन्ही चाचण्या प्राथमिक आहेत. अगदी थोडं विष करणारा वाण त्यांतून निसटू शकतो, त्यामुळे रंग आला नाही म्हणून वाण निर्दोष ठरत नाही.

आता सूक्ष्मदर्शक. फ्लोरेन्सचे पिएर अँतोनियो मिकेली हे वनस्पतिशास्त्रज्ञ धर्मगुरूही होते. 1729 मध्ये त्यांनी या बुरशीला अ‍ॅस्परजिलस हे नाव दिलं, कारण चर्चमध्ये पवित्र जल शिंपडायच्या दांड्याची त्यांना आठवण झाली. उपमा चपखल आहे. उभा दांडा, टोकाला फुगीर गोळा, गोळ्यावर सगळीकडून उगवलेल्या बाटलीसारख्या पेशी आणि त्यांतून ओघळणाऱ्या बीजाणूंच्या माळा. पेनिसिलियममध्ये गोळा नसतो, टोकाला कुंचल्यासारखे फाटे फुटतात. फ्युजेरियमचे मोठे बीजाणू होडीसारखे किंवा केळ्यासारखे वळलेले असतात आणि त्यांत आडवे पडदे दिसतात. इथपर्यंत थोड्या सरावानं जमतं. प्रजातीपर्यंत पोचायला मात्र वर्षं लागतात. फ्लेव्हसचे बीजाणू गुळगुळीत किंवा किंचित खरबरीत, पॅरासिटिकसचे स्पष्ट खरबरीत, असल्या भेदांवर निवाडा होतो. तो महत्त्वाचाही असतो, कारण फ्लेव्हस सहसा फक्त बी गटातली विषं करते आणि पॅरासिटिकस बी आणि जी दोन्ही.

नाव चुकलं तर काय होतं, याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण ओक्राटॉक्सिनचं आहे. मूत्रपिंडाला इजा करणारं हे विष 1965 मध्ये दक्षिण आफ्रिकेत अ‍ॅस्परजिलस ऑक्रेशियस या बुरशीतून सापडलं. नंतर थंड प्रदेशातल्या धान्यातही ते मिळालं आणि त्याचं खापर पेनिसिलियम व्हिरिडिकॅटम या प्रजातीवर फुटलं. वर्षानुवर्षं शोधनिबंधांत हेच नाव येत राहिलं. 1987 मध्ये पिट यांनी दाखवलं की ते विष करणारी बुरशी वेगळीच होती, पेनिसिलियम व्हेरुकोसम. व्हिरिडिकॅटम ओक्राटॉक्सिन करतच नाही. बुरशीचे वाण तेच, विषही तेच, फक्त बाटलीवरची चिठ्ठी चुकलेली. पण त्या चिठ्ठीवर विसंबून ज्यांनी व्हिरिडिकॅटमच्या सवयी अभ्यासून धोक्याचे अंदाज बांधले, त्यांची मेहनत भलत्याच जिवावर खर्च झाली. वर्गीकरण हे संग्रहालयात कपाटं लावायचं काम आहे असं मानणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

नाव बरोबर असूनही भागत नाही, असंही होतं. 2004 मध्ये पूर्व केनियात दूषित मका खाऊन 317 जण आजारी पडले आणि त्यांतले 125 दगावले. बुरशी फ्लेव्हस, हे उघड होतं. पण त्या मक्यातली बुरशी वाढवल्यावर 2007 मध्ये संशोधकांना दिसलं की तिच्यात एक खास वाण भरपूर प्रमाणात होता. बुरशीचे तंतू एकवटून ज्या टणक काळ्या गाठी बनतात, त्या या वाणात 400 मायक्रोमीटरहून बारीक आणि विपुल होत्या, आणि त्याची विष करण्याची ताकद फार मोठी होती. एकाच प्रजातीत एक वाण विषाचा कारखाना असतो आणि दुसरा अगदी निरुपद्रवी. या दुसऱ्या प्रकाराचा उपयोगही होतो. अमेरिकेत एएफ-36 नावाचा बिनविषारी वाण शेतात मुद्दाम सोडतात, तो जागा आणि अन्न बळकावतो आणि विषारी भाऊबंदांना पसरू देत नाही.

डीएनए आल्यावर तरी हा घोळ मिटला असेल, असं वाटणं स्वाभाविक आहे. बराचसा मिटलाही. पण बुरशी ओळखायला सगळीकडे वापरला जाणारा आयटीएस हा डीएनएचा तुकडा इथे अपुरा पडतो, कारण जवळच्या प्रजातींमध्ये तो जवळपास सारखाच असतो. म्हणून अ‍ॅस्परजिलससाठी कॅल्मोड्युलिनचं जनुक वाचतात, पेनिसिलियमसाठी बीटा-ट्युब्युलिनचं, फ्युजेरियमसाठी ईएफ-1 अल्फाचं. याहून थेट उपाय म्हणजे विषाची जनुकंच शोधणं. अफ्लाटॉक्सिन तयार करायला लागणारी पंचवीसहून अधिक जनुकं गुणसूत्रावर एका ठिकाणी, सुमारे 70,000 अक्षरांच्या पट्ट्यात ओळीनं बसलेली आहेत. डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या पीसीआर चाचणीनं त्यांतली तीन-चार तपासली की अंदाज येतो. इथे सोया सॉसच्या आंबवणात शेकडो वर्षं वापरली जाणारी अ‍ॅस्परजिलस ओरायझी आठवते. ती फ्लेव्हसचंच माणसाळलेलं रूप. तिच्यात या जनुकांचा बराच भाग अजून आहे, पण तो मोडका किंवा मुका झालेला असल्यानं विष होत नाही. जनुक सापडलं म्हणून विष असेलच असं नाही, ते या बुरशीमुळे पटतं.

धडधाकट जनुकं असलेली बुरशीही नेहमी विष करत नाही. फ्लेव्हसला उष्णता मानवते, 30 अंशांच्या आसपास ती जोमात असते, आणि दाण्यात ओल राहिली की तिचं फावतं. धान्य कापणीनंतर लवकर आणि नीट वाळवलं तर तिला लागणारं पाणीच मिळत नाही. फ्युजेरियमची तऱ्हा निराळी. तिला भरपूर ओल लागते, त्यामुळे ती उभ्या पिकातच शिरते आणि तिचं विष कोठारात येण्याआधीच तयार झालेलं असतं. नंतर कितीही वाळवलं तरी ते जात नाही.

अखेर विष आहे का, याचं उत्तर रसायनशास्त्रच देतं. प्रतिपिंडांच्या मदतीनं विष हेरणारी एलायझा चाचणी झटपट होते. मिश्रणातली द्रव्यं वेगळी करणारं द्रव-वर्णलेखन आणि ती रेणूंच्या वजनावरून ओळखणारा वस्तुमान-वर्णपटमापक जोडून एका नमुन्यात अनेक विषं एकाच वेळी मोजता येतात. यंत्रं इतकी संवेदनशील झाली आहेत की आता मोठी चूक यंत्रात होत नाही, नमुना घेताना होते. विष साठ्यात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे स्वच्छ आणि त्यांत एखादाच विषानं भरलेला, अशी स्थिती असते. भुईमुगाच्या एकेका दाण्यात किलोमागे दहा लाख मायक्रोग्रॅम या दरानंही अफ्लाटॉक्सिन मिळालेलं आहे. अमेरिकेची मर्यादा किलोमागे 20 मायक्रोग्रॅम आहे. हिशोब केला तर अर्ध्या ग्रॅमचा तसा एक दाणा 25 किलो शेंगदाण्यांना त्या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतो. मूठभर दाणे तपासून ‘स्वच्छ’ असा शेरा मारला तर तो दाणा मुठीत आला नव्हता, इतकंच कळतं. म्हणून युरोपीय नियमांत मोठ्या साठ्यातून शंभर जागी थोडे थोडे दाणे काढून 20 किलोंचा नमुना करायला सांगितलं आहे. तो बारीक दळून एकजीव करायचा आणि मगच त्यातलं चिमूटभर यंत्राकडे जायचं.

घरी यातलं काहीच करता येत नाही. बुरशी आलेला पाव किंवा दाणे हुंगून पाहू नयेत, बीजाणू श्वासात जातात. मऊ पदार्थाचा बुरशीचा भाग कापून उरलेला खाऊ नये, कारण तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. आणि शिजवून विष जाईल या भरवशावर राहू नये. अफ्लाटॉक्सिन स्वयंपाकाच्या आचेला बऱ्यापैकी टिकून राहतं.

दुधाच्या बाबतीत तर बुरशी ओळखण्याचा प्रश्नच गळून पडतो. गाय दूषित खाद्य खाते, तिचं यकृत बी-1 चं रूपांतर एम-1 या दुसऱ्या अफ्लाटॉक्सिनमध्ये करतं आणि दिवसभरात ते दुधात उतरतं. त्या दुधात बुरशीचा एकही तंतू नसतो, वास नसतो, रंग नसतो. युरोपात अशा दुधाची मर्यादा किलोमागे 0.05 मायक्रोग्रॅम आहे. ती ओलांडली गेली की तपास उलट्या दिशेनं निघतो, दुधाकडून गाईकडे, गाईकडून पेंडीकडे. पेंडीत बुरशी अजून जिवंत असली, तर तिचे कण केशरी रंग देणाऱ्या त्या माध्यमावर ठेवून दोन दिवस वाट पाहतात.